रुमालाखालचे लाल आकडे

त्या मशीनचे आकडे लाल होते आणि उजेडात ते दिसत नसत. त्यामुळे आमच्या घरात गणित करायचं म्हणजे आधी खिडक्या लावायच्या. बुऱ्हाणपुरात शनवाऱ्याजवळच्या गल्लीतलं आमचं घर, वरचा मजला, समोरच्या आणि मागच्या दोन्ही गल्ल्यांत पावरलूम. दुपारी खिडक्या लावल्या की मागांचा खटखटाट थोडा लांब जायचा, पाण्याखालून ऐकू यावा तसा. त्या अंधुक, उबदार खोलीत बाबा खणाच्या पिशवीतून मशीन काढायचे, डाव्या बाजूचं बटण सरकवायचे आणि काचेमागे एक लाल शून्य उगवायचं. आम्ही दोघं त्या शून्याकडे बघत बसायचो. काही करायचं असायचंच असं नाही. आजही झोप लागता लागता मला कधी कधी ते शून्य दिसतं आणि त्याच्यामागे माग चालू असतात.

बाबा कागदाच्या मिलमध्ये इंजिनिअर होते. रोज सकाळच्या पॅसेंजरने जायचे आणि संध्याकाळी अंगाला लगद्याचा आंबूस वास घेऊन परत यायचे. मिलमध्ये नवी मशीन बसवायला एक परदेशी इंजिनिअर वर्षभर येऊन राहिला होता. उंच, लाल नाकाचा, आईच्या हातच्या थालीपिठासाठी रविवारी न चुकता येणारा. जाताना त्याने खिशातला कॅल्क्युलेटर काढून बाबांच्या हातावर ठेवला. बाबांनी आधी नको म्हटलं, मग पुन्हा नको म्हटलं आणि मग घट्ट धरला. त्या काळी आमच्या गावात खिशात मावणारं गणिताचं यंत्र कोणी पाहिलेलं नव्हतं. स्टेशनवर वजनाचं तिकीट देणारं यंत्र होतं, त्याच्यापुढेच लोक गर्दी करत.

आईने त्याला पिशवी शिवली. हात धुतल्याशिवाय हात लावायचा नाही, असा नियम बाबांनी केला आणि आईला तो मनापासून पटला, कारण पोळी करताना मधेच येऊन तूप खाणाऱ्या नवऱ्याने एवढी स्वच्छता आयुष्यात पहिल्यांदाच पाळायची ठरवली होती. ती स्वेटर विणत होती. गळ्याचे टाके कमी करण्याचा हिशोब तिने एकदा मशीनवर करायला घेतला आणि लगेच ओरडली, "अहो, याला बरोबरची खूणच नाहीये!"

नव्हतीच. त्या मशीनवर बरोबरचं बटण नव्हतं. आधी एक आकडा द्यायचा, मग दुसरा आणि शेवटी सांगायचं की मिळव किंवा गुण.

"तू नाही का, आधी भाजी चिरून ठेवतेस, मसाला काढून ठेवतेस आणि मग गॅस लावतेस?" बाबा म्हणाले. "तसंच. सामान आधी, काम नंतर."

"मग टाके मी मनातच मोजते," आई म्हणाली. "माझं सामान तिथेच आहे."

पुढे कॉलेजात मी असे पुष्कळ लोक पाहिले ज्यांना ही पद्धत उलटी वाटायची. मला कधी वाटली नाही. दोन आणि तीन यांची बेरीज कर, असंच तर आपण म्हणतो. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्या मशीनचंही यायचं. परदेशातून आलेली ती एकच वस्तू मला पहिल्या दिवसापासून मराठी वाटली.

रविवारी बाबांचे मिलमधले मित्र यायचे. पोहे, मग चहा आणि मग पिशवी. प्रत्येकाने एकेक गणित घालायचं आणि मशीन पुढच्याला द्यायची. उत्तर सगळ्यांना आधीच माहीत असायचं, तरी आल्यावर "वा" म्हणायचं. सात आकडी उत्तराचं त्यांना फार अप्रूप होतं. पन्नास वर्षं झाली, ही जमात बदललेली नाही. निवृत्त इंजिनिअरांच्या एका फोनवरच्या गटात मी आहे. तिथे एक सद्गृहस्थ रोज सकाळी देवाच्या फोटोऐवजी आपल्या संग्रहातल्या एका जुन्या कॅल्क्युलेटरचा फोटो टाकतात आणि खाली बारा जण लिहितात की बटणाचा तो आवाज आता होत नाही. त्यातले एक सतरा मजली इमारती उभ्या करणारे, एक धरणवाले. धरणाच्या फोटोखाली एवढं भावुक मी त्यांना कधी पाहिलं नाही. माझा नातू म्हणतो, आजी, तेच्या तेच यंत्र फोनमध्ये फुकट मिळतं, हुबेहूब. मी त्याला सांगते, मिळतं खरं. आणि मशीन ठेवलेला ड्रॉवर लावून घेते.

त्या वर्षी मी सतरा वर्षांची होते आणि मला इंजिनिअर व्हायचं होतं. अख्ख्या गल्लीत हे फक्त बाबांना चमत्कारिक वाटत नव्हतं.

बहादरपूरचे प्रल्हादकाका चौधरी बाबांचे दोस्त. एकदा बाबांची स्कूटर त्यांच्या शेताच्या तोंडाशी पंक्चर झाली, तेव्हापासूनची ही दोस्ती. केळीचे बागायतदार, चार हजार खोडं, बोलणं चढ्या आवाजात, कारण आयुष्य पाटाच्या दोन टोकांना उभं राहून बोलण्यात गेलेलं. त्यांच्याकडे गेलं की ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत ठरलेलं. भरीत बडग्याने ठेचल्याचा आवाज मळ्याच्या अलीकडूनच यायचा आणि बाबा स्कूटरचा वेग वाढवायचे.

त्या हिवाळ्यात त्यांची विहीर खाली गेली. केळीला पाणी थांबून चालत नाही. घड भरायच्या वेळेला तर मुळीच नाही. शेत तापीच्या काठावर होतं, पण काठ उंच. खाली नदी, वर केळी, मधे एक लांबलचक चढण. पंप बसवायचा ठरला. बुऱ्हाणपूरला नुकतंच दुकान टाकलेले मुर्तझाभाई म्हणाले, पंप देतो, पाणी किती फूट वर चढवायचं तेवढं सांगा.

"पंचेचाळीस," प्रल्हादकाका म्हणाले.

"अंदाजाने नाही," बाबा म्हणाले. "मोजू. आपल्याकडे मशीन आहे."

अशिक्षित शहाणपणाने यंत्राला हरवलं, अशी गोष्ट इथून पुढे सांगता आली असती. लोकांना ती आवडतेही. पण घडलं तसं नाही. प्रल्हादकाकांचा अंदाज आमच्या मशीनपेक्षाही वाईट होता.

मोजायला आम्ही एका रविवारी सकाळी गेलो. वीस फुटी दोर चढणीवर बारा वेळा टाकला, दोनशेचाळीस फूट भरले. शाळेतल्या लाकडी कोनमापकाला ओळंबा बांधून मी चढणीचा कोन घेतला. तीनदा घेतला, तिन्ही वेळा पंधरा अंश. बाबा म्हणाले, "आता तूच कर." मी मशीन काढली आणि आमच्या लक्षात आलं की नदीवरच्या त्या लख्ख उन्हात काचेमागे काहीच दिसत नाही.

"बंद पडली का काय?" प्रल्हादकाका म्हणाले.

"नाही हो काका, अंधार लागतो तिला."

"अंधार पाह्यजे? एवढी हुशार मशीन अन् दिवसा दिसत नही तिले? घे." त्यांनी डोक्याचा बागायती रुमाल सोडून आमच्या अंगावर टाकला. मी आणि बाबा त्याखाली डोकी खुपसून बसलो. घामाचा, तंबाखूचा, केळीच्या चिकाचा वास. बाहेर नदी, एक टिटवी आणि प्रल्हादकाका. "काय म्हने? अरे भो, काय म्हने ती?" पंधरा, साइन, दोनशेचाळीस, गुणिले. छप्पन पूर्णांक शून्य दोन सहा आठ. लाल, स्थिर, सुंदर. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या रुमालाखाली मी जितकी सुखी होते तितकी पुढे पदवी घेतानाही नव्हते.

पाइपातल्या घर्षणाचे चार फूट धरून साठ झाले. पंचेचाळीसच्या जागी साठ ऐकून प्रल्हादकाका हबकले. "बरं झालं सायेब, मशीन होती. मी तं मेलो असतो." मुर्तझाभाईंनी बरोब्बर साठ फुटांचा पंप दिला.

पंपाचं उद्घाटन करायचंच, असं प्रल्हादकाकांच्या भावकीने ठरवलं. खकनारहून एक पुढारी आले. मांडव, भोंगा, नारळ, पेढे. पाटावर पंपाची माहितीपुस्तिका आणि शेजारी आमची मशीन. दोघांना हळदकुंकू. बाबा कुंकू बटणांच्या फटीत जाईल म्हणून फुंकर मारत होते, तर लोकांना वाटलं मंत्र म्हणताहेत. पुढाऱ्यांनी फोटोसाठी मशीन उलटी हातात धरली आणि विज्ञान खेड्याच्या दारात कसं आलं आहे यावर बरंच बोलले. बोलणं संपलं, नारळ फुटला, पंप घुमला. चढणीच्या वरच्या टोकाला पाइपाचं तोंड धरून पन्नास माणसं उभी. आधी हवा आली. मग खोकल्यासारखा आवाज. मग पाणी आलं. करंगळीएवढं.

ते पाइपाच्या तोंडातून नुसतं ओघळून खाली पडत होतं. पुढारी म्हणाले, "हळूहळू वाढेल." मग पेढा घेतला आणि गेले.

वाढलं नाही. नदी रोज उतरत होती, तेव्हा उलट कमीच होणार होतं. दोष सरळ मुर्तझाभाईंवर आला. त्यांनी तळाची झडप दोनदा बदलली, पाइपाचे सांधे तपासले, स्वतः नदीत उतरून जाळी साफ केली. नवं दुकान, नवं नाव आणि चौकाचौकात चर्चा. त्यांच्या दुकानासमोरच्या चहावाल्यानेसुद्धा मला सांगितलं, "वो बोहरीने चालू माल दिया." बाबा सगळ्यांना ठासून सांगत होते, "उंचीचा प्रश्नच नाही. उंची आम्ही चार दशांशांपर्यंत काढली आहे."

मंगळवारी दुपारी आई झोपली होती. मी खिडक्या लावून अभ्यासाला बसले. गणितात तीस अंशांचा साइन हवा होता. तो अर्धा असतो, ते शाळकरी पोरालाही पाठ असतं. मी उगीच, गंमत म्हणून मशीनवर घातला.

शून्य पूर्णांक चार पाच तीन नऊ.

माग चालू होते. मी पुन्हा घातला. पुन्हा तेच. मग मी मशीन उचलून खिडकीच्या फटीतल्या उजेडाच्या रेघेत धरली आणि वरच्या कडेला असलेला तो बारका खटका पाहिला.

त्या खटक्याला तीन जागा होत्या. एक आपल्या नेहमीच्या अंशांची, काटकोनाचे नव्वद. एक कॉलेजात लागणारी, रेडियनची. आणि तिसरी अशी की तिच्यात काटकोनाचे शंभर भाग. तिकडे परदेशात जमीन मोजणारे काही लोक तसे करतात, असं त्या लाल नाकाच्या इंजिनिअरने बाबांना सांगितलं होतं. मोजणीच्या आदल्या दुपारी हे शंभर भाग कसे असतात ते बघावं म्हणून मी खटका तिथे नेला होता. शंभर घातले, साइन दाबलं, एक आला. किती नीटनेटकं, असं वाटून मी तशीच स्वप्नात उठले आणि खटका तिथेच ठेवून पिशवीची नाडी ओढली. दुसरी चूक असती तर लगेच कळली असती. कॉलेजवाल्या खटक्यावर तर उत्तरं इतकी वेडीवाकडी येतात की कोणीही दचकेल. ही मात्र सभ्य चूक होती. सगळं खरं वाटेल इतकंच खोटं बोलणारी. मिलच्या हिशोबांत बाबांना गुणाकार-भागाकार लागत, कोन लागत नसत. तेवढे आठवडे ती चूक पिशवीत स्वस्थ बसून होती.

मी खटका परत जागेवर आणला. पंधरा, साइन, दोनशेचाळीस, गुणिले. बासष्ट पूर्णांक एक एक सहा पाच. सहा फूट.

आता खटका बरोबर जागेवर होता आणि जगात कोणाला काही कळणार नव्हतं. हे मी लिहिते आहे ते प्रौढी म्हणून नाही. पॅसेंजर यायला तीन तास होते आणि त्यातले निदान दोन मी याच विचारात काढले. पंप परत जाईल, दुसरा येईल, केळी कदाचित तगतील. मुर्तझाभाईंचं काय होईल? ते होईल ते होईल. आणि मी कॉलेजात जाईन. उलट सांगितलं, तर बाबा रविवारी पोह्यांच्या बशा घेऊन बसलेल्या त्या सगळ्यांना काय सांगतील, हे माझ्या डोळ्यांसमोर येत होतं.

बाबा आले, बूट काढले. मी त्यांच्यापुढे मशीन ठेवली आणि खटका पुन्हा चुकीच्या जागी सरकवला.

"हा इथे होता," मी म्हटलं. "मीच ठेवला होता."

त्यांनी खटक्यावरून एकदा बोट फिरवलं. मग उठले, फळीवरून धूळ बसलेलं लॉगचं पुस्तक काढलं आणि वहीच्या मागच्या पानावर हाताने गणित केलं. पाच मिनिटंही लागली नाहीत.

"बासष्ट," ते म्हणाले. मग पुस्तक मिटलं. "हे मी त्या दिवशी घरी येऊन करायला हवं होतं. वीस वर्षं प्रत्येक उत्तर दोनदा काढलं मी. आणि या लाल आकड्यांपुढे..." वाक्य तसंच सोडून ते पुन्हा बूट घालू लागले. "चल."

"कुठे?"

"आधी दुकानात."

मुर्तझाभाई शटर ओढायच्या बेतात होते. बाबांनी रस्त्यावरच, दोन गिऱ्हाइकं उभी असताना सांगितलं, "पंप ठीक आहे. उंची चुकली. आमच्याकडून."

मुर्तझाभाईंनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. "साहब, मी तीन दिवस नदीत उभा आहे," ते म्हणाले. "बोला, आता ये बात जरा जोरात बोला. चहावाल्याला ऐकू गेली पाहिजे."

बाबांनी जोरात सांगितलं. मी वडिलांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. चहावाला बाहेर येऊन उभा राहिला.

मग मुर्तझाभाईंनी शटर लावलं आणि आपली मोटारसायकल काढली. तिघं बहादरपूरला गेलो. केळीची पानं दुपारी मिटतात तशी संध्याकाळीही मिटलेली होती. मला ती बघवत नव्हती.

"चूक माझी आहे," बाबा म्हणाले.

"माझी आहे, काका," मी म्हणाले. "खटका मी सरकवला."

"मी तपासलं नाही, म्हणजे माझीच."

"बाबा, पण कोन मी..."

प्रल्हादकाकांनी हातातला विळा खाली ठेवला. "अरे भो, मले हे जरा समजू दे. तुम्ही दोघं बाप-लेक चूक मांगून राह्यले. वाटून घ्या घरी जाऊन. पानी कोन मांगीन?"

मग ते बाबांकडे वळले.

"किती कमी पडलं?"

"सहा फूट."

"वर चढवता येत नही?"

"या पंपाने नाही."

ते चढणीच्या टोकाला जाऊन उभे राहिले. तापीचा काठ तिथे वरंब्यासारखा आहे, नदीकडून चढतो आणि मागे शेताकडे पुन्हा उतरतो. त्यांनी एकदा खाली नदीकडे पाहिलं, एकदा मागे केळीकडे.

"पानी वर येत नही," ते म्हणाले, "तं काठ खाली घेऊ."

बाबांनी वही काढली. मशीन पिशवीतच राहिली. केळीची बाग काठापेक्षा किती खाली आहे ते आम्ही दोर, पाण्याने भरलेली पारदर्शक नळी आणि प्रल्हादकाकांची उंची यांवर मोजलं. प्रत्येक आकडा दोनदा. दुसऱ्या वेळी मुर्तझाभाई मोजायचे, कारण त्यांचा आता आमच्यावर विश्वास नव्हता आणि ते त्यांनी लपवलंही नाही. काठ सात फूट खोल कापला आणि पाइप त्या खाचेतून नेला तर पाणी शेतात उतरत होतं.

चार दिवस खणलं. प्रल्हादकाकांची सगळी भावकी, दुकान बंद ठेवून मुर्तझाभाई, रजा टाकून बाबा आणि मी. माती वरून पिवळी होती आणि खाली गेल्यावर लाल, ओलसर, थंड. दुपारी काकू कढीचं पातेलं आणि भाकऱ्या आणायच्या. खाचेत उभं राहिलं की वरच्या आवाजांचं बोलणं व्हायचं नाही, नुसती कुजबूज व्हायची. हातांना फोड आले, फुटले, परत आले. कोणी मला रागावलं नाही आणि कोणी समजूतही घातली नाही. फक्त एकदा माझ्या पाटीतली माती सांडली तेव्हा एक चुलतभाऊ म्हणाला, "बाई, ही मोजून सांडली का?" आणि सगळे हसले. मीही हसले. किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही.

पाचव्या दिवशी पंप सुरू केला. नारळ नव्हता, भोंगा नव्हता. पाइप थरथरला, खोकला आणि मग मांडीएवढं पाणी खाचेतून शेतात पडलं, गढूळ, मग स्वच्छ. प्रल्हादकाका पाटाच्या कडेकडेने पाण्याबरोबर चालत गेले, पहिल्या ओळीपर्यंत, दुसरीपर्यंत, आणि केळीत दिसेनासे झाले. बाबा खाचेच्या काठावर बसून राहिले. पानं उघडायला संध्याकाळ झाली. आम्ही थांबलो होतो.

मी कॉलेजातून पहिल्या सुट्टीला घरी आले तेव्हाची गोष्ट. प्रल्हादकाका दोन अनोळखी शेतकऱ्यांना घेऊन आमचा जिना चढून आले. खकनारकडचे होते, नाल्यावरून पाणी उचलायचं होतं आणि उंची काढायला माणूस हवा होता. बाबा घरात होते. त्या दोघांनी आपोआप बाबांकडे पाहिलं.

"सायेब नही," प्रल्हादकाका म्हणाले. "ही."

"ही पोरगी?" त्यातला एक म्हणाला. "शिकतेच आहे ना अजून? कोणी पक्का माणूस नाही का?"

"हीच पक्की हाये," प्रल्हादकाका त्यांच्या त्या पाटापलीकडच्या आवाजात म्हणाले, खालच्या गल्लीलाही ऐकू जाईल असं. "हिची एक चूक होऊन गेली. माह्याच शेतात."